देशात कायम पिकांखालची जमीन वाढली म्हणतात, मग सांगोल्यातल्या बागा गेल्या कुठं?

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याकडचा एक मुलगा कृषी अर्थशास्त्रात एम.एस्सी. करतोय, त्याचा प्रश्न असा आहे. जागतिक बँकेच्या तक्त्यात भारतातली कायम पिकांखालची जमीन १९६१ पासून दुपटीच्या पुढं गेलेली दिसते, रेष वरच चाललीय. पण आमच्या तालुक्यात मागच्या पाचसहा वर्षांत डाळिंबाच्या बागा जेसीबी लावून काढल्या, आमची पण दोन एकर निघाली, मग तक्ता खोटा म्हणायचा का आमच्या डोळ्यांना दिसतंय ते? आणि वडील परत त्याच रानात डाळिंब लावायचं म्हणतायत, लावावं का?

दोन्ही खरं आहे. तक्ताही बरोबर आहे आणि तुमची दोन एकर गेली तेही बरोबर. कारण तो तक्ता त्या त्या वर्षी शिल्लक किती आहे एवढंच सांगतो, नवीन किती लागलं आणि जुनं किती उपटलं ते सांगत नाही. एखाद्या वर्षी देशात चार लाख हेक्टर नवी लागवड झाली आणि तीन लाख हेक्टर निघाली तरी तक्त्यात फक्त एक लाख वाढ दिसणार (हे आकडे नुसते समजण्यासाठी घेतलेत). त्या तीन लाखात कुणाचं कर्ज अडकलं, कुणाचं शेततळं कोरडं पडलं, कुणाचा मुलगा पुण्याला कंपनीत लागला, ह्यातलं काहीही रेषेत उतरत नाही. मी सोलापूर जिल्ह्यात फळबागेचंच काम केलं, आधी कृषी खात्यात असताना लागवडीची तपासणी, मोजमाप, पंचनामे आणि नंतर शेतकऱ्यांना सल्ला, त्यामुळं ह्या विषयावर जरा लांब लिहितो, कंटाळा करू नका.

आधी कायम पिकात काय धरतात ते बघा, नाहीतर पुढचं सगळं चुकेल. व्याख्या एफएओची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेची, जागतिक बँक तोच डेटा घेऊन देशाच्या एकूण जमिनीशी टक्केवारी काढते. एकदा लावलं की बरीच वर्षं रान अडवून राहतं आणि प्रत्येक तोडणीनंतर नव्यानं लावावं लागत नाही ते पीक. आंबा, नारळ, काजू, सुपारी, चहा, कॉफी, रबर, द्राक्ष, डाळिंब, लिंबू, बोर, सीताफळ सगळं आलं. लाकडासाठी लावलेली झाडं त्यात नाहीत, म्हणजे निलगिरी, सुबाभूळ, साग बाहेर. कुरणं पण वेगळी मोजतात.

आता सोलापूरकर पहिला प्रश्न विचारतोच, की मग ऊस? नाही, ऊस त्यात नाही. उसाला एफएओ हंगामी पिकात धरते. आणि केळी कायम पिकात धरते, पपई पण. आता आपल्याकडचं बघा, आडसाली ऊस जुलै-ऑगस्टला लावला की अठरा महिने उभा, मग खोडवा ठेवला की अजून वर्षभर, म्हणजे एकाच बुडक्यावर अडीच वर्षं रान अडकलं, कुणी दुसरा खोडवा ठेवला तर साडेतीन. आणि करमाळ्यात उजनीच्या बॅकवॉटरला, कंदरच्या बाजूला, केळी लावतात ती एक लागण नि एक खोडवा धरून साधारण तेवढीच वर्षं राहते. कंदरची केळी आखाती देशात जाते, त्या भागात उसाचं रान मोडून केळी लावलेले शेतकरी खूप आहेत. असा एकानं ऊस मोडून केळी लावली की देशाची कायम पिकांखालची जमीन तेवढी वाढली. पाणी त्याच उजनीचं, मुळं जमिनीत तेवढीच वर्षं, पण खाना बदलला. व्याख्या चुकीची आहे असं मी म्हणत नाही, कुठंतरी रेघ ओढावीच लागते, पण तुम्ही थिसिस लिहिणार असाल तर ही रेघ कुठनं जाते ते माहीत पाहिजे.

भारताचे आकडे ढोबळ सांगतो. १९६१ च्या सुमारास कायम पिकं देशाच्या एकूण जमिनीच्या दोन टक्क्यांच्या आत होती, आता चार टक्क्यांच्या थोडं वर. हेक्टरमध्ये सांगायचं तर गेल्या काही वर्षांत १ कोटी ३० लाखाच्या आसपास. देशाची जमीन २९ कोटी ७० लाख हेक्टर धरतात, त्याला भाग देऊन बघा, जमतंय. पण लागवडीखालच्या जमिनीशी तुलना केली तर हेच प्रमाण सात-आठ टक्के होतं, म्हणून छेदात काय घेतलंय ते बघितल्याशिवाय टक्केवारीवर भांडू नका. आणि अजून एक, अलीकडच्या काही वर्षांचे आकडे गोल गोल आहेत, तेच तेच परत आलेत. प्रत्यक्ष मोजणी असते तिथं दरवर्षी थोडंफार खालीवर होतंच, गोल आकडा दोनतीन वर्षं हलत नसेल तर तो अंदाजानं भरलेला असण्याची शक्यता जास्त. एफएओच्या मूळ डेटात आकड्याशेजारी एक खूण असते, आकडा अधिकृत आहे का अंदाजे ते त्यावरनं कळतं, जागतिक बँकेच्या चार्टवर ती दिसत नाही. म्हणून डेटा मूळ ठिकाणाहूनच घ्या.

आपल्या सरकारी तक्त्यातही एक खड्डा आहे, त्यात बरीच पोरं पडतात. भारताच्या जमीन वापराच्या नऊ भागांच्या वर्गीकरणात "किरकोळ झाडं व झुडपांखालची जमीन" असा एक खाना आहे. तिथं १९५०-५१ ला १९८ लाख हेक्टर आणि १९६०-६१ ला एकदम ४५ लाख, आणि आता ३० लाखाच्या आसपास. हे बघून दहा वर्षात देशातल्या दीड कोटी हेक्टरवरची झाडं तोडली असं लिहिलेलं मी वाचलंय. तसं झालेलं नाही. त्या काळात वर्गीकरण बदललं, नोंदी नीट व्हायला लागल्या, त्यातला बराचसा फरक तिथला आहे. आणि मुख्य म्हणजे तुमची डाळिंबाची बाग त्या खान्यात येतच नाही, तिथं बांबू, सुरू, छपराचं गवत, जळणाच्या राई असलं असतं. फळबाग आपल्याकडं निव्वळ पेरणी क्षेत्रात मोजतात, ज्वारी आणि तुरीबरोबर. ते निव्वळ पेरणी क्षेत्र १९७० पासून आजपर्यंत १४ कोटी हेक्टरच्या आसपास जवळपास थांबलेलं आहे. म्हणजे फळबाग वाढली ती बहुतेक आधीच्या पेरणीच्या रानातच शिरून वाढली, नवीन जमीन कुठनं आली नाही. काही ठिकाणी माळरान, बरड फोडून लावली तेही खरं, आपल्याकडं तर ते भरपूर झालं.

वाढीचं वळण कुठं आहे ते बघायचं तर फळांचे वेगळे आकडे घ्या. १९९१-९२ ला देशात फळपिकांखाली २८-२९ लाख हेक्टर होती, आज ७० लाखाच्या आसपास. म्हणजे १९६१ पासूनची रेष एकसारखी चढलीय असं वाटलं तरी फळांचा मोठा चढ नव्वदनंतरचा आहे. आधीचा चढ नारळ, काजू, रबर, चहा, कॉफीचा, म्हणजे केरळ, कर्नाटक, आसाम, तामिळनाडू. त्यात आपण कुठं नव्हतो.

आपण आलो ते १९९० ला. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना महाराष्ट्रानं काढली, शंभर टक्के अनुदान, खड्डे खणायची मजुरी हमीतनं, कलमं, खत सगळं. त्याच्या आधी राज्यात फळबाग अडीच लाख हेक्टरच्या आसपास होती, पुढच्या पंधराएक वर्षात ती दहा लाखाच्या पुढं गेली. आपल्या जिल्ह्यानं ह्यात बोर आणि डाळिंब घेतलं, कारण पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलीमीटर, तोही कधी लागतो कधी नाही, आणि मुरमाड रान. बहात्तरच्या दुष्काळात ज्या माणसांनी खडी फोडली त्याच माणसांच्या रानात वीस वर्षांनी कलमं लागली, ही माझ्या मते ह्या राज्यानं केलेल्या सगळ्यात चांगल्या कामांपैकी एक आहे आणि त्यावर कुणी वाईट बोललं की मला वाईट वाटतं.

पण त्याच योजनेनं मोजायची सवय पण लावली. लागवड किती झाली त्याचा रिपोर्ट वर जायचा, अनुदान तीन वर्षात जगलेल्या झाडांच्या टक्केवारीवर मिळायचं, आताच्या भाऊसाहेब फुंडकर योजनेत पण पन्नास-तीस-वीस टक्के असे तीन हप्तेच आहेत. तिसऱ्या वर्षानंतर त्या बागेकडं बघायला कुणी जात नाही. चौथ्या वर्षी काय झालं, आठव्या वर्षी काय झालं, बाग कधी निघाली, ह्याचा कुठलाच कागद तयार होत नाही. लागवडीचा हिशेब आहे, उपटण्याचा नाही.

आणि एक बदल असा, की क्षेत्र जागच्या जागी राहून आत सगळं बदललं. नव्वदच्या दशकात आपल्याकडं बोरीच्या बागा किती होत्या ते तुमच्या वडलांना विचारा. उमराण, कडाका, मेहरूण. गावठी बोरीवर डोळा भरायचा, उन्हाळ्यात छाटणी करायची, पावसाच्या पाण्यावर माल यायचा. मग डाळिंबाला पैसा दिसला, आधी गणेश, मग मृदुला, आरक्ता आणि दोन हजारनंतर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातनं आलेला भगवा, ज्याला शेंदरी म्हणायचे. बोरी काढल्या, डाळिंब लावलं. कायम पिकांच्या तक्त्यात फरक शून्य, एक एकर गेली एक एकर आली. पण बोर पावसावर जगत होती आणि डाळिंबाला बोअर, ठिबक, शेततळं, आणि २०१२-१३ किंवा २०१५-१६ सारख्या वर्षी टँकर. त्या एका एकराच्या मागं लागणारं पाणी, औषध, कर्ज सगळं वेगळं झालं आणि आकडा मात्र तोच राहिला. मलेशियात हेच मोठ्या प्रमाणावर झालं, १९६० ला तिथं पाम तेलाखाली लाखभर हेक्टर पण नव्हती, आता ५५ लाखाच्या पुढं, आणि त्यातला एक भाग जुने रबराचे मळे काढून झालेला आहे. रबर ते पाम हा बदल कायम पिकांच्या बेरजेत दिसत नाही, पण जंगल तोडून झालेला पाम दिसतो. म्हणून नुसती बेरीज बघून वाढ कशातनं आली ते सांगता येत नाही, पीकवार फोड लागतेच.

उलट दिशेनं जाणारे देश पण आहेत. युरोपीय संघानं २००८ च्या सुधारणेत वाइनच्या द्राक्षाच्या बागा काढायला शेतकऱ्यांना पैसे दिले, कारण वाइन जास्त झाली होती. म्हणजे तिथली घट ही ठरवून केलेली. ब्राझीलमध्ये जुलै १९७५ ला पाराना राज्यात असं गोठवणारं दहिवर पडलं की कॉफीच्या बागा काळ्या पडल्या, बऱ्याच लोकांनी परत कॉफी लावलीच नाही, सोयाबीन घातलं, आणि कॉफी उत्तरेला मिनास जेराइसकडं सरकली. त्याच्याही आधी श्रीलंकेत १८६९ पासून कॉफीवर तांबेरा आला आणि वीस-पंचवीस वर्षात कॉफी संपून तिथं चहा आला, आज जो सिलोन चहा म्हणतात तो त्या रोगामुळं. हे मुद्दाम सांगतोय, कारण लांब पल्ल्याच्या बदलाचं कारण लिहिताना सगळे बाजारभाव, निर्यात, धोरण असं लिहितात, एक बुरशी किंवा एक जिवाणू पूर्ण प्रदेशाचं पीक बदलू शकतो हे बहुतेक रिपोर्टात एका ओळीत संपवतात. आपल्याकडं ते प्रकरण एका ओळीचं नाही.

तुमच्या तालुक्याचं घ्या. आधी तेल्या आला, पानावर फळावर तेलकट डाग, फळ तडकायचं, तो जिवाणू, पावसाळी हवेत झपाट्यानं पसरतो आणि रोगट बागेतल्या गुटीबरोबर (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं कलम) नवीन गावात जातो. बाग चांगली दिसली की शेजारी गुटी बांधून घ्यायचे, पाहुण्यांना द्यायचे, कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, पण रोग तसाच फिरला. लोक त्यातनं सावरले, हस्त बहाराकडं, म्हणजे पावसाळा सरताना धरायच्या बहाराकडं वळले, कारण फळ वाढायच्या काळात हवा कोरडी मिळते. सोलापूरजवळ केगावला २००५ ला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र झालं, २०१६ ला सोलापूर डाळिंबाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. अजनाळ्यासारख्या गावात डाळिंबावर बंगले उभे राहिले ते महाराष्ट्रभर लोक बघायला यायचे. आणि मग मर रोग आणि खोडाला छिद्रं पाडणारा तो बारीक भुंगेरा, ह्या दोघांनी मिळून २०२०-२१ नंतर जे केलं ते तेल्यानं पण केलं नव्हतं. तेल्यात माल जातो, झाड राहतं. ह्यात झाडच जातं.

निघणारी बाग बघितली नसेल अशा वाचकांसाठी लिहितो. एका फांदीची पानं पिवळी पडतात, शेतकऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं असेल, लोह कमी असेल, मुळाशी औषधाचं पाणी ओततो, म्हणजे एक ड्रेंचिंग करतो. पंधरा दिवसात निम्मं झाड, महिन्यात पूर्ण, फळं झाडावरच वाळून लटकलेली. बुंध्याजवळ बसून बघितलं की सालीवर सुईनं टोचल्यासारखी भोकं आणि खाली पीठ पडलेलं. खोड आडवं कापलं की पांढऱ्या लाकडात काळपट तपकिरी पट्टे, चांदणीसारखे आतनं बाहेर गेलेले. मग शेजारच्या झाडाला, ओळीनं. एवढं दिसल्यावर दोनचार महिने माणूस औषधं ओतत राहतो, कारण सोसायटीचं कर्ज त्याच झाडांवर आहे, आणि मग एके दिवशी जेसीबीवाल्याला फोन करतो. तासाच्या हिशेबानं मशीन येतं, आधी ठिबकच्या नळ्या गुंडाळून बांधावर टाकतात, मग बकेट बुडात घालून झाड उचलायचं, मुळासकट, एका बाजूला ढीग. सकाळी सुरू केलं की दुपारपर्यंत दोन एकर मोकळी. ढीग वाळला की पेटवतात. त्या रानात पुढच्या हंगामात मका किंवा ऊस.

ह्याच्या नोंदीचं काय होतं? सातबाऱ्यावर फळझाड तसंच राहू शकतं. पूर्वी तलाठी पीकपाहणी लावायचे, बाग असली की मागच्या वर्षीची नोंद पुढं ओढायची पद्धत, त्यात फार चूक पण नव्हती कारण बाग काही दरवर्षी बदलत नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकरी स्वतः मोबाइलवर फोटो टाकतो, ही खरंच चांगली सुधारणा आहे, फोटो असल्यामुळं काढलेल्या बागेला बाग म्हणणं अवघड झालं. पण बऱ्याच जणांचं नोंद करायचंच राहून जातं आणि कर्ज, विमा, अनुदान सगळं नोंदीला बांधलेलं असल्यामुळं ती बदलायची घाई पण कुणाला नसते. फळपीक विम्यात बाग नसताना विमा उतरवल्याची प्रकरणं कृषी खात्याच्या स्वतःच्याच तपासणीत निघालेली आहेत, पेपरात आलं होतं. म्हणजे जमिनीवरची बाग गेली तरी कागदावरची दोनतीन वर्षं जगते, आणि जिल्ह्याची बेरीज, राज्याची बेरीज, देशाची बेरीज, तिथनं पुढं रोमला एफएओकडं, ह्या प्रवासात कागदावरचीच बाग जाते. नवीन लागवड मात्र लगेच चढते, कारण तिला अनुदान आहे. त्यामुळं वाढ लवकर दिसते आणि घट उशिरा, हा कल सगळ्या मालिकेतच आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हेक्टर पण पहिल्यासारखा राहिला नाही. गणेशच्या काळात पाच बाय पाच मीटरवर लावायचे, हेक्टरी ४०० झाडं. आता साडेचार बाय तीनवर ७४०, काही शेतकरी त्याहून दाट लावतात. म्हणजे १९९५ चा एक हेक्टर आणि आजचा एक हेक्टर ह्यात झाडांची संख्या पावणेदोन पटीच्या थोडं वर. दाट लावलं की पहिली चार वर्षं माल जास्त, एकरी खर्च पण जास्त, हवा कोंडते, रोग लवकर फिरतो, आयुष्य कमी. पूर्वी डाळिंबाची बाग वीस वर्षं चालायची असं जुनी माणसं सांगतात आणि मी तशा बागा बघितल्यात, आता दहा-बारा वर्षं निघाली तर शेतकरी समाधानी असतो. द्राक्षाचं थोडं वेगळं, डॉगरिजच्या खुंटावर वेल पंधरा वर्षं तरी टिकते, पण तिथं बाग निघते ती हवामानानं आणि पैशानं, ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला की दावण्या हा बुरशीचा रोग आणि घड जिरणं, सलग दोनतीन वर्षं तसं झालं की माणूस मांडवाचे अँगल भंगारात घालून मोकळा होतो. नान्नजसारख्या गावात, जिथं नानासाहेब काळ्यांनी सोनाका, शरद सीडलेस असे वाण शोधून दिले, द्राक्षाचं ज्ञान तीन पिढ्यांचं आहे, म्हणून तिथली माणसं तग धरतात. नवीन लावणाऱ्याचं तसं नाही. बार्शीकडं सीताफळ वाढलं, गोरमाळ्याच्या नवनाथ कसपट्यांच्या गोल्डन सीताफळामुळं, ते झाड पाण्याला काटक आहे आणि मला वाटतं पुढच्या काळात आपल्या जिल्ह्याची बेरीज ते बऱ्यापैकी सांभाळून धरेल.

तर तुमच्या थिसिससाठी माझं म्हणणं एवढंच, देशाची रेष प्रस्तावनेत एका परिच्छेदात घ्या आणि काम तालुक्याचं करा. कृषी गणना १९७०-७१ पासून दर पाच वर्षांनी होते, तिथनं तालुक्याचं पीकवार क्षेत्र काढा, जिल्हा अधीक्षक कृषी कार्यालयात लागवड योजनांचे वर्षवार आकडे मिळतात, ते त्याच्याशेजारी मांडा. पंधरा वर्षांपूर्वीच्या गणनेतल्या क्षेत्रात त्यानंतर लावलेल्याची बेरीज घाला आणि त्यातनं ताज्या गणनेतली शिल्लक वजा करा, जे उरेल ती निघालेली बाग, ढोबळ का होईना. मग दोनतीन गावं निवडून घरोघर जा आणि प्रत्येक बागेला चार गोष्टी विचारा, कोणत्या साली लावली, कोणत्या साली काढली, कशामुळं काढली, आता त्या रानात काय आहे. चौथा प्रश्न सोडू नका. काढलेल्या रानात परत फळझाडच लावलं का ऊस गेला का पडीक राहिलं का एनए म्हणजे बिगरशेती झालं, ह्या चार उत्तरात पुढच्या तीस वर्षांचं चित्र आहे. उपग्रहाच्या नकाशांवर फार भरवसा ठेवू नका, आंब्याची जुनी अमराई त्यात ओळखू येते, दोन वर्षांचं डाळिंब आणि त्यात मूग घातलेला असला की वरनं ते नुसतं मुगाचं रान दिसतं.

हे काम मनापासून करा, कारण ह्याच आकड्यांवर उद्याच्या योजना ठरतात. केंद्रानं २०२१ ला तेलताडाचं, म्हणजे पाम तेलाच्या झाडाचं मिशन काढलं, साडेसहा लाख हेक्टर वाढवायचं लक्ष्य ठेवलं, म्हणजे कायम पिकांची रेष अजून वर जाणार. त्यात किती टिकली हे मोजायची सोय आधी केली नाही तर दहा वर्षांनी तेलताड लावणाऱ्या भागातल्या पोरांना तुमचाच प्रश्न पडेल.

आता घरच्या दोन एकराचं. लगेच लावू नका, वडलांना समजावून सांगा. मर रोगानं बाग गेलेल्या रानात बुरशी आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक जंत) मातीत राहतात, जुनी मुळं आत कुजत पडलीत तोवर ते त्यावर जगतात. नांगरट खोल करून मुळ्या वेचून काढा आणि जाळा, उन्हाळा पूर्ण तापू द्या. निदान दोन वर्षं तरी फिरवा, एक ज्वारी, एक ताग गाडायला, मधे झेंडू घेतला तर सूत्रकृमी कमी होतात आणि दसरा-दिवाळीला दोन पैसे पण मिळतात. माती आणि पाणी दोन्ही तपासा, बोअरचं पाणी ह्या काळात खारवट झालं असेल तर रानापेक्षा तोच प्रश्न मोठा आहे. रोपं घेताना मातृबाग, म्हणजे ज्या बागेतनं रोपं केली ती, स्वतः जाऊन बघा किंवा टिश्यू कल्चरची घ्या, पाहुण्याकडची गुटी कितीही प्रेमानं दिली तरी नको. साडेचार बाय तीनच्या खाली उतरू नका, गादीवाफा करा, बुंधे मोकळे ठेवा, गेरूचा लेप वेळच्या वेळी. पहिला बहार दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय धरू नका, अठराव्या महिन्यात फुलं दिसली की मोह होतो, तिथंच झाडाचं आयुष्य कमी होतं. आणि दोन एकर एकदम लावायच्या ऐवजी एक एकर डाळिंब आणि एक एकर सीताफळ असं करता आलं तर करा. नवीन ओळी जुन्या ओळींच्या मधल्या पट्ट्यात घ्या, जुन्या खड्ड्यावर नको, आणि लावल्याची तारीख, रोपं कुठनं आणली आणि किती लावली हे पहिल्या दिवशीच एका वहीत लिहून ठेवा.